एका दाराची बाग

फेब्रुवारी २०१०. जालना तालुक्यातल्या एका गावात टेकाडावरच्या तीन एकर शिराजचे, म्हणजे वाइनच्या काळ्या द्राक्षाचे, घड काळेभोर होऊन लटकले होते आणि तोडणीच्या बायका सकाळी सहापासून बांधावर बसून होत्या. धुतलेले क्रेट रचून ठेवलेले. वाइन कंपनीचा ट्रक आदल्या संध्याकाळीच यायचा होता. रिफ्रॅक्टोमीटर २४ ब्रिक्स दाखवत होता, म्हणजे वाइनला हवी तेवढी साखर भरली होती. ट्रक त्या दिवशी आला नाही, दुसऱ्या दिवशी नाही, आठवड्यानंही नाही. ब्रिक्स २७ वर गेला, मणी सुरकुतले, साळुंक्या आणि मधमाश्यांनी बाग ताब्यात घेतली. कंपनीचा माणूस आधी फोनवर "उद्या" म्हणायचा, मग त्याचा फोन लागेनासा झाला.

मी त्या बांधावर उभा होतो. चार वर्षांपूर्वी या घरानं वाइन द्राक्षाचा करार केला, तेव्हा तो वाचून "सही करायला हरकत नाही" म्हणणाऱ्यांत मीही होतो. शेतीसल्ल्याचं काम करताना अनेक बागा बघितल्या, पण या बागेचा हिशोब माझ्या डोक्यातून कधी गेला नाही. पुढच्या बारा-तेरा वर्षांत या घरानं जे केलं ते द्राक्षवाल्यांनी, विशेषतः मराठवाड्यातल्या द्राक्षवाल्यांनी, नीट वाचावं असं मला वाटतं. घराचं, गावाचं आणि कंपनीचं नाव मी देत नाही.

घर आणि जमीन

खातं एकत्र, चूल एक. आबा माळकरी, आता ऐंशीच्या पुढे. थोरला मुलगा बाग बघतो. धाकट्याकडे कोरडवाहू, जनावरं आणि बाजारहाट. जमीन बावीस एकर, पण एका जातीची नाही. ओढ्याकाठची काळी खोल, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणारी. तिथं कापूस आणि तूर. तिच्या वरचं 'मधलं रान', दीड-दोन फूट माती आणि खाली मुरूम, पाण्याचा निचरा चांगला. द्राक्षाची मुख्य बाग तिथं. सगळ्यात वर टेकाड: वीतभर मातीखाली मुरूम, त्याखाली कातळ. आबांचे वडील तिथं हुलगा टाकायचे आणि निघाला तर निघाला म्हणायचे.

द्राक्ष आपल्याकडे नाशिकहून आलं असं पुष्कळांना वाटतं. काड्या तिकडून आल्या हे खरं, वेल मात्र इथं फार जुना आहे. चौदाव्या शतकात इब्न बतूता दौलताबादला आला, तेव्हा तिथली द्राक्षं आणि डाळिंबं त्याच्या नजरेत भरली. इथं वर्षातून दोनदा फळ येतं, असं त्यानं लिहून ठेवलं आहे. द्राक्षाच्या माणसाला हे वाक्य लगेच पटतं. थंड देशात वेल हिवाळ्यात पानं टाकून झोपतो. आपल्याकडे तो झोपतच नाही. कात्री लावली की पुन्हा फुटतो. म्हणून आपण वर्षातून दोनदा छाटतो. एप्रिलमधली खरड छाटणी काडी तयार करायला, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमधली फळ छाटणी माल धरायला. उन्हाळी छाटणीवरचं फळ पावसात सापडतं म्हणून आपण ते घेत नाही, एवढंच. हबशी, फकडी, साहेबी ही जुन्या द्राक्षांची नावं आबांच्या तोंडी अजून आहेत. ते निजामाच्या राज्यात जन्मलेले, आणि दौलताबादच्या बाजूची टोपलीतली द्राक्षं त्यांनी लहानपणी खाल्लेली.

त्यांनी स्वतः १९८८ मध्ये नाशिककडून काड्या आणून एक एकर थॉमसन, म्हणजे खाण्याचं बिनबियांचं द्राक्ष, लावलं. वाढत वाढत मधल्या रानात सहा एकरांवर मांडव झाला. जवळच कडवंचीत १९९० च्या दशकात इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमाचं काम सुरू झालं, तेव्हा आबा ते बघायला जाऊन आले आणि घरी येऊन त्यांनी आधी टेकाडावर बांध घातले, मग मधल्या रानाच्या वरच्या अंगाला चर खोदले. गावातली बाकीची मंडळी विहिरी खोल करत होती तेव्हा हे आजोबा पाणी वरच अडवायच्या मागे होते. ही गोष्ट पुढे उपयोगी पडली.

थॉमसनचा एक गुण इथंच सांगून ठेवतो, कारण सगळं प्रकरण त्याच्यावर फिरतं. थॉमसनला तीन दारं आहेत. माल देखणा झाला तर व्यापारी बागेतून उचलतो. थोडा कमी झाला तर जालना, संभाजीनगर, नांदेडच्या बाजारात जातो. भाव पडला किंवा साखर जास्त चढली तर डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या द्रावणात बुडवून शेडमध्ये वाळवायचा आणि बेदाणा करायचा. चार किलो द्राक्षांचा साधारण एक किलो बेदाणा होतो आणि तो शीतगृहात थांबू शकतो. आबांच्या घरानं २०१० पर्यंतच्या बावीस वर्षांत ही तिन्ही दारं वापरली. कोणत्याच वर्षी संपूर्ण माल बांधावर फेकावा लागला नव्हता.

२००६ चा करार

राज्यानं २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण आणलं. वाइनला उत्पादन शुल्कात मोठी सवलत मिळाली. नाशिक जिल्ह्यात विंचूरला आणि सांगली जिल्ह्यात पलूसला वाइन पार्क आले. पुढची पाच-सहा वर्षं नाशिकपासून सोलापूरपर्यंत वाइनच्या द्राक्षाचीच चर्चा होती. आमच्या भागात कंपनीचे लोक आले तेव्हा त्यांनी जे सांगितलं त्यात खोटं काहीच नव्हतं. वाइनच्या द्राक्षाला जीएचे (मणी फुगवणाऱ्या जिबरेलिक आम्लाचे) हात द्यावे लागत नाहीत. विरळणी, म्हणजे घडातले जादा मणी काढणं, नाही. मणी फुगवायचा नाही. उलट तो लहानच हवा, कारण लाल वाइनचा रंग आणि तुरटपणा सालीतून येतो आणि लहान मण्याला रसाच्या मानानं साल जास्त असते. माल एकरी चार-पाच टनच, पण खर्च निम्म्याहून कमी आणि भाव आधी ठरलेला. पाणीही कमी लागतं. मुरमाड, हलकी जमीन चालते, नव्हे ती चांगली.

टेकाडासाठी हे सगळं जणू मापून बेतलेलं होतं. म्हणून मी हो म्हणालो.

करारात भाव होता, जात होती, ब्रिक्सची पट्टी होती, तोडणीचा दिवस ठरवायचा हक्क कंपनीकडे होता. माल उचलला नाही तर काय, याबद्दल एक ओळही नव्हती. मी ती ओळ शोधली नाही. त्या वेळी ती लिहायला लागेल असं वाटलंच नाही, कारण गेली वीस वर्षं आम्ही थॉमसनच्या सवयीनं विचार करत होतो. एक गिऱ्हाईक गेलं तर दुसरं. वाइनच्या द्राक्षाचं तसं नसतं. शिराजमध्ये बी आहे, साल तुरट, मणी वाटाण्याएवढा. ते बाजारात खाण्यासाठी कुणी घेत नाही, त्याचा बेदाणा होत नाही. त्याला एकच दार असतं आणि त्या दाराची कडी बाहेरून असते.

२००८ चं पहिलं पीक कंपनीनं उचललं, पैसे दिले. त्या वर्षी जागतिक मंदी आली. नोव्हेंबरमध्ये मुंबईवर हल्ला झाला आणि मोठी हॉटेलं ओस पडली. वाइन मुख्यतः तिथंच खपत होती. टाक्यांत आधीची वाइन पडून असताना नवीन द्राक्षं कुठं ओतणार? २००९ चे निम्मे पैसे आले, तेही पावसाळ्यानंतर. २०१० मध्ये ट्रकच आला नाही. नाशिककडेही त्या दोन वर्षांत पुष्कळांनी वाइनच्या बागांवर कुऱ्हाड चालवली.

आमच्या चौदा टनांचं काय झालं ते सांगायला जड जातं. थोडा माल रसवाल्यांनी पडत्या भावात नेला. थोरल्यांनी दोन शेड बेदाणा करून बघितला, तो बियांनी कचकचीत निघाला, दुकानदारानं हातात घेऊन परत दिला. उरलेला शेळ्यांना आणि उकिरड्यात गेला. एप्रिलमध्ये धाकट्यांनी दोन एकर वेल बुडापासून तोडले. तिसऱ्या एकराशी गेले तेव्हा आबा तिथं येऊन उभे राहिले. "इथं दुसरं काय येनार हाये?" एवढंच म्हणाले. तो एकर टेकाडाचा सगळ्यात खडकाळ तुकडा होता. वाचला तो वाइनच्या प्रेमानं नव्हे. तिथं हुलगासुद्धा धड येत नव्हता म्हणून.

तळं म्हणतं पाच

२०१२ मध्ये पावसानं दगा दिला. २०१३ च्या उन्हाळ्यात जालना जिल्ह्यात मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. लोकांनी वीस-वीस वर्षांची झाडं सरपणाला विकली. आबांच्या मधल्या रानात टँकरनं पाणी घालून सहापैकी चार एकर थॉमसन वाचलं. दोन एकर, आबांनी १९८८ मध्ये लावलेल्या पहिल्या एकरासह, गेलं. ती जुनी बाग स्वतःच्या मुळांवर होती. टेकाडावरचा शिराज डॉगरिज खुंटावर, म्हणजे दुष्काळ सोसणाऱ्या दुसऱ्या वेलाच्या मुळांवर कलम केलेला होता. त्याला त्या उन्हाळ्यात टँकरची शेवटची खेप जायची, उरली तर. पानं गळाली, ओलांडे (वेलाचे आडवे हात) उघडे पडले, पण पहिल्या पावसानंतर तो फुटला.

त्याच उन्हाळ्यात कोरड्या पडलेल्या रानात घरानं शेततळं खोदलं. पन्नास मीटर बाय पन्नास मीटर, वीस फूट खोल, प्लास्टिकचं अस्तर, पोटात एक कोटी लिटर. पैसे शेतकरी कसे उभे करतो ते वाचकांना ठाऊक आहे. मी इथं खर्चाऐवजी पाण्याचा हिशोब मांडतो, कारण नंतरचा प्रत्येक निर्णय याच हिशोबावर झाला.

मार्च ते जून मराठवाड्यात उघड्या पाण्याची पातळी रोज जवळजवळ एक सेंटिमीटर उतरते, नुसती उन्हानं. एवढ्या मोठ्या तळ्यावर ते रोजचे वीस-पंचवीस हजार लिटर. फेब्रुवारीच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत चार महिन्यांत पंचवीस लाख लिटरच्या आसपास आभाळात जातं. उरलं पाऊण कोटी. मांडवाच्या बागेला या चार महिन्यांत ठिबकनं सरासरी रोज एकरी बारा हजार लिटर धरा. खरड छाटणीनंतर नवी काडी तयार होताना आणि तिच्यात पुढच्या वर्षीचे घड आकार घेताना तर त्याहून जास्त लागतं. म्हणजे एकरी चौदा लाखांवर. पाऊण कोटीला चौदा लाखांनी भागा. पाच.

थोरले तेव्हापासून म्हणतात, "तळं म्हनतं पाच." बाग किती एकर असावी हे सातबारा सांगत नाही, बँक तर नाहीच नाही. त्या घरात ते तळं सांगतं. तळ्याच्या कडेला फुटांच्या खुणा केलेली लोखंडी काठी रोवली आहे आणि १५ फेब्रुवारीला तिचं माप भिंतीवरच्या पंचांगात लिहिलं जातं.

इथं एक अडचणीची गोष्ट बोलायलाच हवी. आमच्या भागातली बहुतेक शेततळी आभाळाच्या पाण्यानं भरत नाहीत. पावसाळ्यात विहिरीला पाणी आलं की ते उपसून तळ्यात साठवतात. जमिनीखालचं सगळ्यांचं पाणी एकाच्या अस्तरात बंद होतं आणि त्यातला चौथा हिस्सा वाळून जातो. खालच्या अंगाच्या शेतकऱ्याची विहीर मग जानेवारीतच तळ दाखवते. आबांच्या घरालाही हे टळलेलं नाही. त्यांचे बांध आणि चर जेवढं मुरवतात तेवढं ते उपसतात की जास्त, हे मोजायला आम्ही दोन निरीक्षण विहिरी धरल्या आहेत, त्यांतली एक शेजाऱ्याची. पाच एकरांचा आकडा धरून ठेवायला हेही कारण आहे.

२०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपीट झाली. मधल्या रानातलं तयार थॉमसन झोडपलं गेलं. शिराज लवकर छाटलेला, तो फेब्रुवारीच्या पहिल्याच आठवड्यात उतरला होता. मिळालेला भाव फार नव्हता, नाशिककडच्या एका छोट्या वायनरीनं मेहेरबानी केल्यासारखा दिलेला. पण त्या वर्षी घरात आलेला द्राक्षाचा पैसा तेवढाच.

नातीचा प्रस्ताव

थोरल्यांची मुलगी परभणीला कृषी विद्यापीठाच्या अन्नतंत्र महाविद्यालयात शिकली, मग दोन हंगाम नाशिकच्या एका वायनरीत कामाला होती. २०२१ मध्ये घरी आली ती एक वही घेऊन. प्रस्ताव असा: थॉमसन हळूहळू काढून पाचही एकर वाइनचे करायचे आणि शेतावरच छोटी वायनरी टाकायची. "दुसऱ्याचं दार कशाला? आपलंच दार करू," ती म्हणाली. जानेवारी २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं मोठ्या किराणा दुकानांत वाइन विकायला परवानगी देण्याचा निर्णय घेतला तेव्हा तिची वही आणखी जाड झाली. पुढे विरोध झाला आणि तो निर्णय दुकानांपर्यंत पोचला नाही.

तिनं आणि मी मिळून ती वही चार महिने तपासली. मला ही मुलगी फार हुशार वाटते. तिनं आधी टेकाडाच्या द्राक्षाचा रस तपासून घेतला, आणि तिथं एक गोष्ट निघाली जी माझ्या लक्षात कधी आली नव्हती. साखर भरपूर, पण आंबटपणा पार उतरलेला, सामू (पीएच) चारच्या जवळ. अशा रसाची वाइन सपक होते, रंग टिकत नाही, जंतू लवकर धरतात. कारण उन्हाचं आहे. दिवसा तेहेतीस-चौतीस अंशांत वेल मॅलिक आम्ल जाळून टाकतो. रात्री थंड असतील तर ते जळणं मंदावतं. आमच्याकडे थंड रात्री डिसेंबर-जानेवारीत असतात. फेब्रुवारीच्या मध्यावर त्या संपतात. म्हणजे शिराज पिकायचा शेवटचा महिना जानेवारीतच पडायला हवा, म्हणजे फळ छाटणी सप्टेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात. आणि सप्टेंबर म्हणजे परतीचा पाऊस. कोवळी फूट, फुलोरा आणि रिमझिम एकत्र आली की डाऊनी हा बुरशीसारखा रोग घुसतो आणि चार दिवसांत घड काळे पडतात.

थोरल्यांना डाऊनीची भीती, नातीला सामूची. दोघं बापलेक एका संध्याकाळी एवढे भांडले की आजीनं दोघांना उठवून जेवायला बसवलं. शेवटी टेकाडाचाच उपयोग झाला. तिथं वारं खेळतं, पाणी थांबत नाही, पानं खालच्या बागेच्या आधी वाळतात. मधल्या रानात १० सप्टेंबरची छाटणी वेडेपणा ठरेल; टेकाडावर ती निभते, फवारणीला उशीर केला नाही तर. दुसरं, खालच्या विहिरीचं क्षारांचं पाणी शिराजला देणं बंद केलं, आणि शेणस्लरीसुद्धा कमी केली, कारण तिच्यातलं पालाश (पोटॅश) वाढलं की रसातला आंबटपणा आणखी मोडतो. दोन हंगामांत सामू पावणेचारच्या खाली आला. अजून थोडं टार्टारिक आम्ल घालावं लागतं. उष्ण भागातल्या वायनरीत ते करतातच.

वायनरीचा हिशोब मात्र जमला नाही. सुरुवातीला दोनच एकर शिराज धरला तर त्याचे नऊ टन, टनाला साडेसहाशे लिटर वाइन धरली तर सहा हजार लिटरही होत नाहीत. पाऊण लिटरच्या आठ हजारांपेक्षा कमी बाटल्या. तेवढ्यासाठी स्टीलच्या टाक्या, प्रेस, गाळणी, बाटलीभरणी, प्रयोगशाळा, परवाने, आणि सगळ्यात महाग म्हणजे गारवा. लाल वाइन पंचवीस-अठ्ठावीस अंशांवर आंबवायची असते. फेब्रुवारी-मार्चच्या दुपारी टाकीतलं तापमान स्वतःहून पस्तिशी गाठतं आणि तिथं यीस्ट मरायला लागतं. चिलर चोवीस तास चालला पाहिजे, आणि आमच्या फीडरवर थ्री फेज लाइट आठ तास असते. शिवाय लाल वाइन वर्ष-दीड वर्ष मुरवत ठेवायची, म्हणजे तेवढे दिवस पैसा टाकीत. पाच एकर वाइनचे केले तर बाटल्या वीस हजारांच्या आसपास जातात, पण मग त्या पाचही एकरांना बाजाराचं दार उरत नाही. वायनरी स्वतःची झाली तरी बाटली विकणारा बाहेरचाच. नातीला हे पटायला वेळ लागला. एका रात्री तिनं मला फोन करून विचारलं, "म्हणजे दार नुसतं दहा पावलं पुढं सरकतं, असंच ना सर?" तसंच होतं.

घरच्या घरी थोडी करून बघू, असं गावातल्या एकानं सुचवलं होतं. परवान्याशिवाय वाइन करणं हा दारूबंदी कायद्यानं गुन्हा आहे. ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी लिहून ठेवतो.

आजीचा प्रश्न

हिशोब कागदावर होता तोवर घरातल्या बायका बोलल्या नव्हत्या. गावातलं देशी दारूचं दुकान बंद करायला मतदान झालं होतं, तेव्हा आडव्या बाटलीसाठी दारोदार फिरणाऱ्यांत आजी पुढे होत्या. वाइनचं द्राक्ष कंपनीला विकणं त्यांनी २००६ मध्ये सोसलं. आता नात स्वतः वाइन करायचं म्हणत होती. त्यांनी माझ्यासमोरच विचारलं, "ज्या गावात म्या बाटली आडवी केली, त्याच गावात माझी नात बाटली उभी करनार कामून?"

नातीनं वाइन म्हणजे दारू नव्हे, ती आरोग्याला चांगली, वगैरे सांगितलं नाही. मला ते फार आवडलं, कारण ते खरं नाही. वाइनमध्ये बारा-तेरा टक्के मद्यार्क असतो. ती म्हणाली, "आजी, गावात एक बाटली विकणार नाही. दुकान नाही, चव बघायची खोली नाही." आजी गप्प राहिल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी आणखी एक प्रश्न काढला, आणि तो आमच्यापैकी कुणाच्याच हिशोबात नव्हता. थॉमसन काढलं तर विरळणी आणि जीएच्या हातांना येणाऱ्या बायकांनी जायचं कुठं? मांडवाच्या एका एकराला नोव्हेंबर ते जानेवारी जेवढे हात लागतात त्याच्या पाव हिश्शात शिराज निघतो. माझ्या वहीत ही बचत म्हणून लिहिलेली होती. ऊसतोडीला न जाता गावात राहिलेल्या वीस-बावीस बायकांसाठी ती तीन महिन्यांची मजुरी होती.

आबा या सगळ्यात फारसं बोलले नाहीत. गळ्यात माळ असलेल्या माणसानं काय म्हणावं याची मला धास्ती होती. ते एवढंच म्हणाले की द्राक्ष पिकवणं माझं, पुढचं लेकरांनी ठरवावं, पण कर्ज काढून नको.

काय ठरलं

पाच एकरांचं वाटप २०२२ च्या पावसाळ्यात पक्कं झालं. मधल्या रानात अडीच एकर मांडव राहिला, थॉमसन आणि सोनाका, तीन दारांसह आणि बायकांच्या कामासह. गेलेल्या थॉमसनच्या जागेवर सीताफळ लावलं. टेकाडावर जुना एक एकर शिराज आणि त्याच खुंटावर नवा अर्धा. उरलेल्या एका एकरात मांजरी मेडिका, राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची रसाची जात. तिचा गरसुद्धा लाल असतो. ती रसवाल्याकडे जाते आणि रस बनवायला दारूचा परवाना लागत नाही. आजी हा रस पाहुण्यांना देतात. पुढेमागे शेतावर काही उभं राहिलंच तर ते आधी रसाचं असेल, असं नातीचं सध्याचं म्हणणं आहे.

शिराजची वाइन नाशिकच्या एका परवानाधारक वायनरीत होते. चार टन माल त्यांच्या टाकीत जातो, आंबवताना आणि मुरवताना नात तिथं राहते, बाटली त्यांच्या परवान्यावर विकली जाते आणि घराला हिस्सा मिळतो. बाकीचे दोन-अडीच टन सरळ विक्री. या वेळी करार समोरच्यानं नव्हे, तिनं लिहिला आणि वकिलाकडून तपासून घेतला. फळ छाटणीच्या दिवशी ठरलेल्या रकमेचा तिसरा हिस्सा आगाऊ. ब्रिक्स आणि सामू दोघांच्या उपकरणांवर, दोघांसमोर. बाग तयार असल्याचं कळवल्यापासून चार दिवसांत माल उचलला नाही तर आगाऊ रक्कम परत नाही आणि माल दुसरीकडे द्यायला घर मोकळं. २००६ मध्ये नसलेली ओळ हीच.

वाहतुकीचं पूर्वी भय होतं. जालन्याहून नाशिक अडीचशे किलोमीटरच्या आसपास, आणि उन्हात तापलेली द्राक्षं क्रेटमध्येच फसफसायला लागतात. डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्ग नागपूर ते शिर्डी सुरू झाला आणि तो जालन्यावरून जातो. आता रात्री दोनला डोक्याला बॅटऱ्या बांधून तोडणी सुरू होते, पहाटे पाचला गाडी सुटते आणि ऊन चढायच्या आत माल टाकीशी असतो.

वाइन कशी आहे? मी जाणकार नाही. वायनरीचे लोक म्हणतात की रंग गडद आहे, तुरटपणा अजून ओबडधोबड, आणि पोटात गरम हवेची खूण लपत नाही. नात म्हणते, लपवायची कशाला, टेकाड तसंच आहे. बाटलीवर घराचं आडनाव घालायचं नाही, हे आजींनी सांगून ठेवलंय. शेताचं नाव घालावं का, यावर अजून बोलणं चालू आहे.

गेल्या वर्षी पाऊस कमी झाला. १५ फेब्रुवारीला तळ्याची काठी सोळा फुटांऐवजी चौदावर होती. थोरल्यांनी भागाकार केला, उत्तर सव्वाचार आलं. पाऊण एकर कुठून तरी कमी करायचं होतं आणि सगळ्यांना वाटलं की शिराजचाच नवा तुकडा जाईल. आबा काठी टेकत टेकाडावर गेले, मग मधल्या रानात आले, आणि मांडवाच्या खालच्या अंगाच्या ओळी दाखवून म्हणाले, यांची खरड छाटणी हलकी करा, नुसत्या जिवंत ठेवा. नातीनं त्या ओळींच्या अँगलला लाल चिंध्या बांधल्या. विरळणीच्या बायकांना किती दिवस कमी पडतील तेवढं आजींनी बोटांवर मोजलं, आणि सीताफळाच्या बुडाशी आळी करायचं काम त्यांनाच द्यायचं असं धाकट्यांना सांगितलं.